कवटीची पातळी

सोपी, मध्यम, अवघड,
आणि सगळ्यात खाली एक ओळ, तिच्याशेजारी कवटी.
मेलात की खेळ पुसला जाईल. मान्य?
मान्य म्हटलं.
अंबडहून सेकंड शिफ्ट करून आले होते,
डबासुद्धा धुतला नव्हता.

पहिल्या मरणाला एक उंदीर पुरला.
साधा उंदीर, गुहेच्या तोंडाशी.
दुसऱ्याला कोल्हा. तिसऱ्याला पुन्हा तोच उंदीर.
नवव्यांदा मीच लावलेल्या सापळ्यात माझाच पाय.
सत्तावीस वेळा नाव टाइप केलं, गोदावरी.
अठ्ठाविसाव्यांदा कंटाळून नुसतं गो,
आणि ही गो जगली.

कशी जगली?
लढली नाही म्हणून.
राक्षस दिसला की ओढ्यात आडवी,
आकाशात पंख वाजले की पुलाखाली.
कच्च्या अळंब्या खाल्ल्या, मेलेल्यांचे बूट विकले,
गावच्या पाटलाने तलवार देऊ केली
तर म्हणाली, त्यापेक्षा घोंगडी द्या.

शेजारचा ओजस खुर्चीमागे उभा राहून बघायचा.
ताई, हिरो असा पळतो का?
सोप्यावर टाका ना.
त्याला काय सांगू?
दिवसभर मी व्हॉल्व्ह तपासते,
दोन मायक्रॉन जास्त भरला की लाल खडू, बाजूला.
सोप्यावर टाकायचं बटण
तिथे कुणी दाखवलं नाही मला.

पडद्याच्या कोपऱ्यात जीवाची रेघ असते.
ती मी आमच्या हिशेबाने वाचते.
दुतोंड्या मारुतीच्या गुडघ्याला पाणी: चालू दे.
कमरेला आलं: माल उचला, टपऱ्या हलवा.
छातीला लागलं
की नाशकात कुणी विचार करत बसत नाही.

जानेवारीतली रात्र, पावणेतीन.
निफाडकडे बागांमधून शेकोट्या पेटल्या असतील,
माझ्या बोटांना की-बोर्डचा स्पर्श कळत नव्हता.
गो पोचली होती बर्फाच्या किल्ल्यात,
जिथे मी याआधी कधीच नव्हते.
समोर सोन्याची पेटी, मागे झोपलेला राक्षस,
रेघ मारुतीच्या गळ्याशी.

आणि सिडकोतली वीज गेली.

यूपीएस ओरडायला लागला.
त्याची बॅटरी म्हातारी, फार तर दीड मिनिट.
या खेळात सेव्ह म्हणजे
सराईतल्या खाटेवर झोपणं. दुसरी सोय नाही.
इतक्या महिन्यांत शिकलेलं सगळं तेव्हा बोटांत आलं:
पेटीकडे पाहिलंच नाही,
ढाल टाकली, बाटल्या टाकल्या,
घोंगडीसुद्धा टाकली (तिचं वाईट वाटलं),
हलकी झाले आणि पळाले.
टीं. टीं. टीं.
दरी, लाकडी पूल, कुत्रं, फाटक.
सराईवाली म्हणते, खोलीचे पाच.
माझ्याकडे बरोबर पाच.
खाट. पडदा काळा होत गेला,
मधोमध ते छोटं चाक फिरू लागलं,
फिरत होतं,
फिरतच होतं...

खोलीत अंधार.
सेव्ह झालं का, माहीत नाही.

शाल घेऊन गॅलरीत आले.
आख्खं त्रिमूर्ती चौक काळंठिक्कर,
फक्त हायवेवरून ट्रकचे दिवे
पांडवलेण्यांकडे सरकत होते, एकामागे एक.
हात थरथरत होते. थंडी असेल.
बऱ्याच दिवसांनी मी मोठ्याने हसले,
खालच्या मजल्यावरचं कुणीतरी खोकललं.

वीज आली पावणेसहाला, दूधवाल्याबरोबर.
मोटर लावली, टाकी भरली.
कालचा डबा घासला.
ओजस शाळेच्या गणवेशात, एका पायात मोजा,
दारातूनच विचारतो, जगली का ती?

बघू, म्हटलं.
चहा होऊ दे आधी.